शून्य लिहिण्याआधी तिथी बघा

मुंबईच्या किनाऱ्यावर शिंपल्यांच्या संभाव्य अधिवासाचे, म्हणजे ते कुठे जगू शकतील याचे, नकाशे करणारे शास्त्रज्ञ, त्यांच्या हाताखाली चिखल तुडवणारे विद्यार्थी आणि ते नकाशे टेबलावर पसरून निर्णय घेणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत तुमच्यापैकी चौघं आमच्या खारदांड्याच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, आली होती. दोन मुलगे, दोन मुली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात टॅब आणि पाइप जोडून केलेली अर्ध्या मीटरची पांढरी चौकट. दुपारचे बारा वाजले असतील. चौकट खडकावर ठेवायची, आतले शिंपले मोजायचे, फोटो काढायचा, चार पावलं पुढे जायचं, परत चौकट. काम नेटकं चाललं होतं, खोटं कशाला बोलू. डोक्यावर टोपी एकाच्याही नव्हती म्हणून मी भाचीकडून पाण्याच्या बाटल्या पाठवल्या. पाण्याच्या कडेला पोचल्यावर एका मुलीने टॅबवर काहीतरी टिपलं आणि चौघं परत फिरली. भाचीने डोकावून बघितलं होतं. कालवांच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, रकान्यात शून्य.

माझी आई दारात बसून हे सगळं बघत होती. वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेलेत, नजर जागेवर आहे. ती मला म्हणाली, "आज आठम हाय ना? मंग ये काय बगाला आयलेन?"

या पत्रात मला जे सांगायचंय ते आईच्या या एका प्रश्नात आलंय. पण तुमच्या टॅबमध्ये तिथीचा रकाना नसावा, म्हणून जरा पसरून लिहिते.

अष्टमीला समुद्राला भांग असतो. भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही. अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात उधाणाच्या, म्हणजे पुनवे-अवसेच्या मोठ्या, ओहोटीची सरासरी पातळी पाऊण मीटरच्या आसपास दिलेली असते आणि भांगाच्या ओहोटीची पावणेदोन ते दोन मीटरच्या मध्ये. म्हणजे उभ्या मापाने मीटरभराहून जास्त फरक. आमच्या खडपाचा उतार वीसाला एक धरला, तरी बावीस मीटर रुंदीचा पट्टा त्या दिवशी पाण्याखाली होता. मोठी कालवं त्याच पट्ट्यात असतात. वरच्या खडकावरची कोळणींनी केव्हाच फोडलेली, उरलेली उन्हाने वाळलेली. तुम्ही कोरड्या भागात चौकट टाकत आलात, पाणी लागलं तिथे थांबलात आणि शून्य लिहिलंत. चूक मोजण्यात नव्हती, दिवस धरण्यात होती.

मुंबईच्या समुद्राची एक गंमत आहे. पुनवेला आणि अवसेला इथे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या पुढेमागे लागते. म्हणून त्या दिवसांची ओहोटी नेहमी सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास. मग रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आई अवसेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पहाटे अंधारात निघायची ती याच हिशोबाने. तिला तक्ता वाचता येत नव्हता, कालनिर्णय मात्र वाचता यायचं.

आता दुसरी गोष्ट. माझी भाची कॉलेजात भूगोल शिकते आणि उपग्रहाच्या चित्रांवर कसलासा प्रकल्प करते. तिनेच मला दाखवलं, की लॅण्डसॅट आणि सेंटिनेल-2 हे उपग्रह सूर्याशी वेळ बांधून फिरतात आणि मुंबईवरून जातात ते आपल्या घड्याळात सकाळी अकराच्या सुमाराला. दरवेळी. मी म्हटलं, मग त्यांना मुंबईची मोठी ओहोटी दिसणारच नाही. ती म्हणाली, कशी नाही दिसणार, वर्षानुवर्षांची चित्रं आहेत. मी कागद घेतला आणि तिला मांडून दाखवलं. मोठी ओहोटी सहा-सातला. अकराला त्या दिवशी पाणी चढून भरतीच्या उंबऱ्यावर आलेलं. अकराला ओहोटी यायची तर सप्तमी-अष्टमी उजाडावी लागते, आणि सप्तमी-अष्टमीला भांग! दहा वर्षांची चित्रं एकावर एक ठेवली, तरी उधाणाच्या ओहोटीत उघडा पडणारा तो खालचा पट्टा त्यांत पाण्याखालीच असणार. पोर बराच वेळ गप्प बसली. मग तिने कुठे कुठे शोधून सांगितलं, की सेंटिनेल-1 नावाचा रडारचा उपग्रह सकाळ-संध्याकाळ सहा-साडेसहाच्या आसपास जातो, त्याला ढग आणि अंधार आड येत नाहीत. मग त्याची चित्रं घ्या, उधाणाचे दिवस निवडून घ्या. हे तुमच्यापैकी जाणत्यांना ठाऊक असणारच. पण ज्या नकाशात भरती आणि ओहोटीच्या मधली जागा 'आंतरभरती क्षेत्र' म्हणून पट्ट्याने रंगवलेली असते, त्याच्या कोपऱ्यात हा पट्टा कोणत्या तिथीच्या पाण्याचा, हे मी तरी कधी लिहिलेलं बघितलं नाही.

माझा या भानगडीशी संबंध काय, तर मी एकोणतीस वर्षं एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. कोणतं ऑफिस ते राहू द्या. ट्रेसर म्हणजे काय हेही आता समजावून सांगावं लागतं. सर्व्हेअर पेन्सिलीने शीट करून आणायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि शाईच्या पेनने रेघ न रेघ गिरवायची. त्या ट्रेसिंगवरून मग निळ्या प्रती निघायच्या. ऑटोकॅड आलं आणि आमची जात संपली.

नवी असताना एका नाल्याची तुटक रेघ मी शीट सुबक दिसावी म्हणून जोडून टाकली होती. आमच्या हेड ड्राफ्ट्समननी ती बघितली, काही न बोलता खिशातून ब्लेड काढलं आणि शाई खरवडायला बसले. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनेच काढावी लागते, कागद फाटू न देता, श्वास रोखून. दहा मिनिटं लागली. मग म्हणाले, मोजलेली रेघ अखंड, न मोजलेली तुटक, आणि तुला दोन्हींतला फरक कळत नसेल तर रांगोळ्या काढ. मी रडले होते तेव्हा. पण पुढे कधी तुटक रेघ जोडली नाही.

तुमच्या शून्याचं मला जे लागलंय ते यामुळे. पाण्याखाली असलेली जागा ही तुटक रेघेची जागा आहे. तिथे 'बघितलं नाही' असं लिहायला हवं होतं. टॅबमध्ये तो पर्याय नसेल तर टॅब बदला. नकाशा रंगवणाऱ्या तुमच्या संगणकातल्या मॉडेलला शून्य दिलंत की ते शिकतं, की असा उतार, असा खडक, एवढ्या लाटा असल्या की कालवं नसतात. आणि मग तसलाच उतार, तसलाच खडक जिथे जिथे असेल, मढपासून कुलाब्यापर्यंत, तिथे तिथे ते हळूच रंग पुसत जातं.

याच नोकरीतली एक गोष्ट मला छळते, तीही सांगून टाकते. एकदा एका कोळीवाड्याची शीट माझ्याकडे आली. गाव आमचं नव्हतं. किनाऱ्यालगतच्या मोठ्या तुकड्यावर सर्व्हेअरने पेन्सिलीने लिहिलं होतं 'मोकळी जागा'. मला ती जागा माहीत होती. आमचे सोयरे तिथले. दिवाळीपासून पार मे महिन्यापर्यंत तिथे काठ्या रोवून बोंबील वाळत घातलेले असतात, माणसाला चालायला वाट उरत नाही. पण सर्व्हेअर गेला होता जुलैत. पावसात कोण बोंबील वाळवतंय? त्याने बघितलं ते लिहिलं. मी शीटवर आलं ते गिरवलं, छान सुबक अक्षरात. माझंच अक्षर आहे ते. तोंड उघडायची हिंमत नव्हती, नोकरीला तीन वर्षं झाली होती. पुढे त्या जागेचं काय झालं ते सांगत बसत नाही. आज तिथे बोंबील वाळत नाहीत.

तेव्हा जो अधिकारी म्हणेल की हा नुसता 'संभाव्य' नकाशा आहे, अभ्यासासाठी आहे, त्याला मी एवढंच विचारेन, की साहेब, 'मोकळी जागा' हे शब्दही अभ्यासासाठीच लिहिले होते ना?

आता प्रमाणाबद्दल. हा माझा विषय आहे, म्हणून जरा थांबते इथे.

किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझीचे) स्थानिक पातळीवरचे नकाशे एकास चार हजार या प्रमाणात करायचे असतात. म्हणजे कागदावरचा एक मिलीमीटर जमिनीवर चार मीटर. आमच्या खडपावर कालवांची दाट रांग रुंदीला चार-पाच मीटर भरेल. कागदावर तो जेमतेम एक मिलीमीटर, जाड निबची एक रेघ. सेंटिनेल-2 चा चौकोन दहा मीटरचा, लॅण्डसॅटचा तीस मीटरचा. तीस मीटरच्या एका ठिपक्यात वरचा रस्ता, बसायचा कट्टा, तिवरांची झुडपं, खडप आणि समुद्र सगळंच येतं. त्यातून सरासरी रंग निघणार तो कशाचा? आणि क्षारता, तापमान यांचे जे तयार थर तुमची मुलं जगभरच्या साठ्यांतून उतरवून घेतात, बायो-ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांसारखे, त्यांचा एक चौकोन नऊ-एक किलोमीटरचा असतो असं भाची सांगते. नऊ किलोमीटर! वांद्र्याच्या किल्ल्यापासून निघालात तर वेसाव्याच्या जवळपास पोचाल. एवढ्या टापूत माहीमच्या खाडीचं तोंड आहे, जुहूची वाळू आहे, आमचा कातळ आहे, मधले नाले आहेत. सगळ्यांना मिळून एक आकडा.

आणि तो आकडा बहुतेक वेळा वर्षाची सरासरी. शिंपल्याला सरासरी खात नाही, खराब आठवडा खातो. आई म्हणते, "गोरं पानी आयला का कालव तोंड मिटून बसतं." आमच्याकडे गोड पाण्याला गोरं पाणी म्हणतात. जुलैत मिठी नदीतून आणि नाल्यांतून पावसाचं पाणी उतरलं की खाडीच्या तोंडाशी खारेपणा एकदम खाली येतो. कालव दोन्ही शिंपा घट्ट मिटून काही दिवस काढू शकतं, कातळावर चिकटलेलं असल्याने जाणार तरी कुठे. वाळूत राहणाऱ्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांना तेवढा दम नसतो. तेव्हा मला विचाराल तर सरासरी बाजूला ठेवा आणि पाणी सगळ्यात गोडं किती होतं, नि सलग किती दिवस तसं राहतं, हे मोजा. त्यासाठी भर पावसाळ्यात यावं लागेल. तेव्हा मात्र तुमच्यातलं कुणी दिसत नाही. दिसलंच तर चहा आमच्याकडून.

कालवाबद्दल आणखी एक, कारण हे तुमच्या चौकटीत मावेल असं आहे. आई कालव काढते म्हणजे खडकावरून उपटत नाही. छोट्या लोखंडी कोयत्याचं टोक वरच्या शिंपेच्या सांध्यात घालते, मनगट एकदाच फिरवते, वरची शिंप उडते. आतलं मांस कोयत्यानेच डब्यात. खालची शिंप खडकाला तशीच राहते, आतून पांढरी, पुढे कितीतरी दिवस चमकत. मी लहानपणी विचारलं होतं, ही का ठेवायची? तर म्हणाली, पोरांना बसायला पाट नको? हे खरं आहे, तुमच्या पुस्तकांतही आहे. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग कडक जागा शोधून कायमचं चिकटतं, आणि जुन्या कालवांची शिंप दिसली तर तिथे आधी बसतं. म्हणजे ते पांढरे ठसे हीसुद्धा नोंद आहे. तुमच्या मुलांनी ते मोजले नाहीत, कारण त्यांत जिवंत कालव नव्हतं. पण इथे कालव होतं, माणसाने नेलं आणि पुढच्यासाठी जागा ठेवली, एवढं सगळं तो ठसा सांगतो. जिथे खालच्या शिंपेसकट खडकाचा टवका उडालाय, तिथे कुणी घिसाडघाईने छिन्नी-हातोडी चालवली हेही दिसतं. या दोन खुणांना वेगवेगळी चिन्हं द्या. नकाशाच्या सूचीत जागा पुरते, मी करून बघितलंय.

हो, मी नकाशा केलाय. तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात माळ्यावरून जुना ट्रेसिंग पेपर काढला, थोडा पिवळा पडलाय, आणि आईला घेऊन बसले. तिने दांडा ते कार्टर रोडच्या टोकापर्यंतच्या सतरा जागा सांगितल्या, खडपांच्या नावांनिशी. नावं इथे लिहीत नाही, कारण पुढे सांगते. प्रत्येक जागेला तिने तीन गोष्टी सांगितल्या : काय मिळायचं, कुठल्या तिथीला उघडं पडायचं, आणि कधीपासून मिळेनासं झालं. तिसरा रकाना तुमच्या टॅबमध्ये नाही.

आणि तो नसला तर माहीमचं काय करणार? आईचं माहेर माहीमचं. तिच्या लहानपणी, म्हणजे 1950 च्या दशकात, माहीमच्या उपसागरात ओहोटीला बायका-पोरी तिसऱ्या काढायच्या. ओल्या वाळूत जवळजवळ दोन बारीक भोकं दिसली की समजायचं खाली तिसरी बसलीय, त्या भोकांतून ती पाणी आत घेते आणि बाहेर टाकते. टाच रोवून वाळू दाबली की पिचकारी उडते. आई अजून ते पायाने करून दाखवते, घरातल्या लादीवर. आज त्या पाण्यात मिठीमधून काय येतं ते सगळ्या मुंबईला नाकाने माहीत आहे. 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला, मग वांद्र्याचं रेक्लमेशन, मागच्या पाणथळीवर वांद्रे-कुर्ला संकुल, 26 जुलै 2005 च्या पुरानंतर नदीचं पात्र खोदणं, 2009 मध्ये तोंडावर सी लिंक. यांतल्या प्रत्येकाने वाळू थोडी हलवली, ओघ थोडा फिरवला. कुणी किती, हे मी सांगू शकत नाही, तो तुमचा अभ्यास. पण मॉडेलला आज जिथे शिंपले सापडतात तेवढेच ठिपके दिलेत, तर ते माहीमला 'अयोग्य' म्हणून रंगवणार आणि तो रंग कायमचा बसणार. जागा अयोग्य नाही हो, पाणी अयोग्य केलंय. वाळूचा उतार, लाटांपासूनचा आडोसा, खाडीचं खाद्य, सगळं होतं म्हणूनच तिथे तिसऱ्या होत्या. 'आहे' आणि 'नाही' यांच्यामध्ये 'होतं' असा एक रंग हवा. संभाव्य या शब्दाला त्याशिवाय अर्थ काय राहतो?

नावांचा घोळ तर विचारू नका. तुमच्या यादीत एकच शब्द होता, क्लॅम. आमच्याकडे तिसऱ्या वेगळ्या, खुबे वेगळे. रत्नागिरीकडे जा, तिथे मुळे म्हणतील, आणखी खाली शिवल्या म्हणतील. एकाच नावाखाली दोन जाती असतात आणि एका जातीला चार नावं. म्हणून बाईला नुसतं 'क्लॅम मिळतात का' विचारू नका, शिंपा समोर ठेवा. एका पाटीत सात-आठ प्रकारच्या शिंपा घेऊन फिरा आणि बोट ठेवायला सांगा. आणि पाटीत एक-दोन परक्याही असू द्या. मायटिलोप्सिस सॅली नावाची कॅरिबियनकडची छोटी शिंपली जहाजांबरोबर मुंबईच्या गोद्यांमध्ये येऊन कित्येक वर्षं ठाण मांडून आहे. दक्षिण अमेरिकेतली मायटेला नावाची शिंपली केरळच्या अष्टमुडी आणि कोचीच्या पाण्यात पसरलीय. त्यांना आमच्या शिणाण्यांच्या रकान्यात टाकलंत, तर नकाशा हिरवागार दिसेल आणि खोटा असेल.

शिणाणे म्हणजे हिरव्या शिंपल्या, त्यांच्यावरून महत्त्वाचं आठवलं. ही जात मोठी सोशीक. जेट्टीचे खांब, पुलाचे पाये, गटाराच्या तोंडाजवळचे दगड, कुठेही धागे टाकून चिकटते. तुमचं मॉडेल मुंबई बंदराचा अर्धा भाग हिच्यासाठी 'उत्तम' ठरवेल आणि ते खरंही असेल. पण शिंपली पाणी गाळून जगते. पाण्यातले जंतू, शिसं, पारा अंगात साठवते. म्हणून तर एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने 1975 मध्ये सुचवलं, की समुद्र किती बिघडलाय ते शिंपल्यांना विचारा, आणि त्यावरून अमेरिकेत किनाऱ्याची पाहणी उभी राहिली. युरोपात शिंपल्यांच्या पाण्याला अ, ब, क असे वर्ग लावतात. अ वर्गाला दहातल्या आठ नमुन्यांत तरी शंभर ग्रॅम मांसात ई. कोलाय हे जंतू 230 च्या वर चालत नाहीत, तेव्हाच ते थेट ताटात. आपल्या नकाशात 'उत्तम अधिवास' असं हिरव्यात छापलं आणि खाली हा दुसरा थर नसला, तर कुणीतरी उद्या तो कागद दाखवून दोऱ्या सोडेल, शिंपले वाढवेल आणि विकेल. आजारी पडलेलं गिऱ्हाईक मात्र नकाशावाल्याकडे जाणार नाही. ते वाट्यावर विकायला बसलेल्या कोळणीच्या नावाने बोटं मोडेल.

अधिकाऱ्यांसाठी एक परिच्छेद राखून ठेवलाय.

2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत सर्वांत जपायच्या जागांची यादी आहे. तिवरं, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा, समुद्री गवत. घोड्याच्या नालेसारख्या खेकड्याची जागाही नाव घेऊन लिहिलीय, जो आपल्या नाही तर ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर सापडतो. चांगलंच आहे, त्याची जागा जपायलाच हवी. पण कालवांचा कातळ आणि तिसऱ्यांची वाळू त्या यादीत नावाने नाही. चिखलपट्ट्यात बसवता येईल तेवढी बसवायची. मच्छीमारांच्या सामायिक जागा नकाशावर दाखवाव्यात असं नियमांत आहे, आणि त्यात मासळी वाळवायच्या जागा, जेट्ट्या येतात. ओहोटीत चार तास उघडी पडणारी, जिथे बायका कोयता आणि डबा घेऊन वाकलेल्या असतात, ती जागा सामायिक आहे की नाही? बोटीने आलेली मासळी बंदरावर मोजतात. डब्यातली कालवं कुणी मोजत नाही, ती तशीच दारोदार जातात किंवा घरच्या कालवणात. म्हणून या बाईचा व्यवसाय कागदावर नाही, तिची जागा कागदावर नाही, आणि भराव टाकताना नुकसानीच्या यादीत ती नसते. किनारी रस्त्यासाठी 100 हेक्टरहून जास्त समुद्र भरला गेला. हाजीअली-वरळीचे प्रवाळ तिथून उचलून दुसरीकडे नेऊन लावले, कारण प्रवाळांचं नाव कायद्यात आहे. त्याच खडकांवरच्या कालवांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. वरळीच्या कोळ्यांनी होड्यांच्या वाटेसाठी पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर वाढवून घेतलं, 60 मीटरचं 120 झालं, पण त्यासाठी किती महिने भांडावं लागलं ते त्यांनाच विचारा. आता आमच्या समोर वांद्रे-वर्सोवा सेतूचं काम चालू आहे. त्यामुळे तुमच्या त्या शून्याने मला झोप लागली नाही, यात नवल वाटू नये.

आता नावं का लिहिली नाहीत ते. जागेचा ठिपका जगजाहीर झाला की दोन प्रकारची माणसं येतात. एक छिन्नी-हातोडी घेऊन पोतं भरून नेणारी, दुसरी भाडेपट्ट्याचा अर्ज घेऊन येणारी. दोघांनाही 'संभाव्य' हा शब्द फार आवडतो. शिंपल्यांची शेती करू नये असं मी म्हणत नाही. केरळात अष्टमुडी तलावात तिसऱ्यांच्या भाऊबंदांची मासेमारी सांभाळून चालते. डिसेंबर ते फेब्रुवारी प्रजननाच्या काळात बंद ठेवतात, आणि 2014 मध्ये एमएससीचं, म्हणजे टिकाऊ मासेमारीचं, प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. तिथे काढणारे आणि शास्त्रज्ञ एका टेबलावर बसले. आमच्याकडे टेबल येतं ते नकाशा छापून झाल्यावर, हरकती आणि सूचना मागवायला, थोड्या दिवसांची मुदत घालून. तेव्हा बारीक ठिपके सरकारजमा करण्याआधी ते कुणाला दिसणार, कोण वापरणार हे गावकीशी बोलून लिहून घ्या. जगाला दाखवायला ठोकळ पट्टा पुरतो. आणि ठिपका कुणी दाखवला हेही नोंदवा. नकाशाच्या कोपऱ्यात सर्व्हेअरची सही असते, ट्रेसरची असते, तपासणाऱ्याची असते. आईची सहीही चालेल तिथे, ती नीट सही करते.

तुमचा राग नाही मला. त्या मुलीने निघताना आईला वाकून नमस्कार केला होता आणि विचारलं होतं, आजी, पूर्वी इथे काय मिळायचं? आई सांगायला लागली तेवढ्यात त्यांची गाडी आली. त्या मुलीसाठी म्हणून पुढचं लिहिते.

येत्या त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी या. पहाटे साडेपाचला दांड्याच्या जेट्टीपाशी. पाणी तोवर खाली जायला लागलेलं असेल, सात-सव्वासातपर्यंत पार उतरेल, पुढे अर्धा तास मिळेल, मग पाठ फिरवायची, मागे वळून बघत बसायचं नाही. बूट जाड तळव्याचे हवेत, कालवाची शिंप पातळ रबर चिरते. कपाळाला लावायची बॅटरी आणा. चौकट आणा, ती चांगली आहे. टॅबमध्ये 'बघितलं नाही' आणि 'होतं' असे दोन पर्याय घालून आणा. आईला खुर्चीत बसवून कडेपर्यंत न्यावं लागेल, त्यासाठी दोन धडधाकट पोरं हवीत. ट्रेसिंग मी आणीन. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघू, कुठे जुळतात, कुठे नाही. परत आल्यावर घरी जेवायला तिसऱ्यांची एकशिपी असेल. तिसऱ्या बाजारातून आणलेल्या असतील, हे आधीच सांगून ठेवते.

आपली,
एक निवृत्त ट्रेसर
दांडा कोळीवाडा, खार